अल्पाचे रविवार

रविवार, ५ एप्रिल १९८१. मोहाडी

टेकचंद भाऊजी आज स्पष्टच बोलले. जेवताना म्हणाले, "वयनी, भाऊची गाडी विकून टाका. तुम्ही नागपूरले गेल्यावर तिले कोण पाहीन? पावसाळ्यात उंदरं घर करतीन तिच्यात." बोलले ते खोटं नाही. मी नुसती ताटातला भात कालवत राहिले.

यांना लकवा मारला त्याला दोन महिने होत आले. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. दिवसातून चार-दोन शब्द निघतात, आणि ते फक्त मलाच कळतात असं सगळे म्हणतात. शकुन, आमची एकुलती मुलगी, नागपूरला दिलेली आहे. तिचं म्हणणं, बाबांना इथं ठेवू नका. तिकडे डॉक्टर जवळ आहेत, व्यायाम करवून घेणारा माणूस घरी येईल. जूनमध्ये जायचं ठरलं. धानाची गिरणी भाऊजींनी सांभाळायला घेतलीच आहे. शकुनच्या दोन खोल्या माडीवर. तिथं आम्ही दोघं कसेबसे मावू. गाडी कुठली मावते?

तुमसरच्या पुढं मँगनीजच्या खाणीवर एक इटालियन इंजिनियर होता. त्यानं ती आपल्या देशातून बोटीनं आणवली होती. एकसष्ट साली तो परत जायला निघाला तेव्हा यांनी ती घेतली. मोतिया रंगाची, दोनच माणसांची, वरचं छत कापडाचं, मागं दुमडतं. चालवायचं चाक डाव्या बाजूला. रस्त्यात कोणी यांच्याशी बोलायला आला की हमखास माझ्या बाजूला येऊन उभा राहायचा आणि मग एकदम लाजायचा. नाव अल्फा रोमिओ. गावानं तिची अल्पा केली. सासूबाईंना तर सुरुवातीला वाटलं होतं की अल्पा नावाची कोणी बाई आहे आणि केशव तिच्या नादी लागला.

कागदावर गाडी माझ्या नावानं आहे. घेतली तेव्हाच यांनी माझी सही घेतली होती. आयकराचं काही असेल.

वीस वर्षं दर रविवारी हे तिच्यापाशी बसले. पाना म्हटलं की पाना, चिंधी म्हटलं की चिंधी, अशी मी देत बसायची. रविवारी घरात काम काय थोडं असतं? पण उठून गेले की लगेच हाक यायची. सगळं पुसून झालं की मला बाजूला बसवून चौंडेश्वरीच्या देवळापर्यंत, कधी पार कारध्याच्या पुलापर्यंत चक्कर. वारा लागून माझं डोकं दुखायचं. मी कधी बोलले नाही.

यांच्या मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणून गाडीचं यांना सांगायचं नाही. नागपूरला गेल्यावर हळूहळू विसरतील.

आजवर मनात काही आलं की मी यांनाच सांगत असे. आता लिहून ठेवते. खतवाल्यानं दिलेली डायरी कोरीच पडली होती.

रविवार, १२ एप्रिल

विकायची तर गाडी चालू स्थितीत हवी. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा भैयालाल बॅटरी भरून घेऊन आला, पण आत बसेना. म्हणाला, "बाई, हे उलट्या हाताचं चाक पाहून मले भेव लागते. आपलं ट्रॅक्टर सांगा." मग मीच बसले. किल्ली कशी फिरवायची, तो छोटा दट्टा किती ओढायचा, हे पाहून पाहून ठाऊक होतं. दोन-तीनदा घरघरली आणि सुरू झाली.

पण काळा धूर निघायला लागला. गाडीची शेड आमच्या खोलीला लागून आहे, सगळा वास आत. मी धावत गेले. हे डोळे उघडे ठेवून पडले होते. म्हटलं, बंद राहून खराब होऊ नये म्हणून भैयालालनं सुरू केली. हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चोक. चोक."

नाली चोक होते तसा घसा चोक झाला असं वाटून मी घाबरले. पाणी आणलं, मान उचलली, पाठ चोळली. यांनी डाव्या हातानं पेला सारला, पाणी गादीवर सांडलं. पुन्हा "चोक." मी भाऊजींना हाक मारली. तोवर हे थकले आणि भिंतीकडे तोंड केलं.

धूर घशात गेला असेल. पुढच्या वेळी मधली खिडकी लावून घेईन.

रविवार, १९ एप्रिल

भैयालालला विचारलं, एवढा धूर काहून? तो म्हणाला गाडी सुरू झाल्यावर चोक आत ढकलावा लागतो. तो दट्टा म्हणजे चोक! मी इतकी वर्षं त्याला दट्टाच म्हणते.

आज धूर झाला नाही. आत येऊन यांना सांगितलं, तुमचा निरोप भैयालालला पोचला बरं. यांच्या ओठाचा चांगला कोपरा जरासा हलला. हसले की काय, कोण जाणे.

शुक्रवार, २४ एप्रिल

भाऊजींनी गोंदियाचे श्यामलाल म्हणून मंडपवाले आणले. त्यांना गाडी वरातीसाठी हवी. भोवती फिरले, चाकाला लाथ मारून पाहिली, आणि भाऊजींना समजावू लागले की मागचा भाग कापून तिथं नवरदेवाची उंच खुर्ची बसवू, दोन्हीकडून लाइटच्या माळा सोडू. पैसेही चांगले देत होते.

मी म्हटलं, द्यायची नाही.

ते गेल्यावर भाऊजी चिडले. "वयनी, विकाची आहे का पुजाची आहे?" लग्न होऊन आल्यापासून भाऊजींपुढं असं तोंडावर नाही म्हणायची माझी पहिलीच वेळ. मला त्या गाडीचं एवढं काय? वारा लागून डोकं दुखायचं तेवढाच माझा तिचा संबंध. पण जी वस्तू यांनी जुन्या धोतराच्या मऊ चिंध्यांनी पुसली तिला करवत लावायची, हे मनाला पटलं नाही. एवढंच.

रविवार, ३ मे

इंजिन नुसतं चालवून भागत नाही. गाडी एकाच जागी उभी राहिली तर टायर दबतात, हे यांचंच वाक्य. उन्हाळ्यात गिरणी बंद, धान वाळवायचं फरशीचं अंगण मोकळं पडलेलं. भैयालाल बसत नाही, भाऊजींना वेळ नाही. मग राहिलं कोण?

गिअर टाकला तर असा करकरला की सावलीत झोपलेलं कुत्रं उठून पळालं. पुन्हा पुन्हा बंद पडली. घामानं पदर भिजला. भैयालाल अंगणाच्या कडेला बाभळीखाली तंबाखू चोळत बसला होता, त्यानं मान फिरवून घेतली.

पाणी प्यायला आत आले तर यांचा चेहरा कोणी चिमटा काढल्यासारखा. मी म्हटलं, भैयालालचा हात फार जड आहे बाई. तर हे म्हणाले, "डावा पाय. पुरा." मग बराच वेळ थांबून, "सोडताना... हळू."

केवढं बोलले! लकवा मारल्यापासून एवढं सलग पहिल्यांदा. शकुनला पत्रात कळवायला हवं. सांगते त्याला, असं म्हणून बाहेर गेले. डावा पाय पुरा दाबला, हळू सोडला. गाडी कशी लोण्यावरून गेल्यासारखी सरकली.

दुपारी यांनी डाव्या हातानं आपला आपण भात खाल्ला.

रविवार, १० मे

गाडी अंगणात गोल फिरवता येते आता. आत आले तर हे म्हणाले, "दोन." विचारलं, दोन काय? पोळ्या? जेवायला दोनच पोळ्या वाढल्या. यांनी पोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. भूक कमी होते आहे की काय, ही काळजी.

भैयालाल म्हणाला, आता दुसरा गिअर टाकाले काही हरकत नाही. टाकून पाहिला. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपा.

रविवार, १७ मे

आज हे सकाळपासून अस्वस्थ. आंघोळ लवकर मागितली. मी शेडकडे निघाले तर डाव्या हातानं माझा पदर धरला.

"चप्पल," म्हणाले.

खाली पाहिलं तर मी चप्पल घालूनच खोलीत आले होते. काढून बाहेर ठेवली. तरी पुन्हा, "चप्पल." आणि मग, "चाल."

धरून धरून चालवा, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे, त्याचंच म्हणत असतील. मी म्हटलं, ऊन उतरलं की चालवते तुम्हाला, आधी तिकडे भैयालाल वाट पाहून राहिला. यांनी पदर सोडला. सोडला म्हणजे हात खालीच पडला.

अनवाणी पायानं क्लच चांगला दाबता येतो, हे आज कळलं. बऱ्याच फेऱ्या मारल्या. वारा लागला, पण डोकं दुखलं नाही.

संध्याकाळी चालवायला गेले तर हे उठायलाच तयार नाहीत. आजारी माणसाची लहर. आता तेच हट्ट करतात, तेच नको म्हणतात. आपण मनाला लावून घेऊ नये.

रविवार, २४ मे

पुन्हा तेच. "चाल." आज मी उन्हातच चालवायला उठवलं, तर दाराशी जाऊन शेडच्या बाजूला वळायला लागले. तिकडे पायरी आहे, पडले असते. भाऊजींनी आणि मी मिळून परत आणून निजवलं. दिवसभर बोलले नाहीत.

गाडी लवकर गेलेली बरी. तिच्या आवाजानं यांना त्रास होतो.

गुरुवार, २८ मे

नागपूरहून पुंडलिकराव आले होते. इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचे, आता निवृत्त. शकुनच्या नवऱ्यानं पाठवले. त्यांची बायको बरोबर होती, ती शांतपणे पायरीवर बसून राहिली, जणू तिला या गोष्टीची सवय आहे.

त्यांनी घाई केली नाही. आधी चपला काढल्या, मग सतरंजी मागून गाडीखाली निजले. बराच वेळ त्यांचे पायच दिसत होते. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते. धूळ गेली असेल. म्हणाले, "बाई, अशी ठेवलेली गाडी मी अजून पाहिली नाही. ज्यांनी ठेवली त्यांच्या पाया पडायचं आहे मला."

मी म्हटलं, ते झोपले आहेत.

झोपले नव्हते. खोलीत जागेच होते, मधे फक्त भिंत. पण हा माणूस आत जाऊन गाडीचं बोलला असता आणि यांना कळलं असतं. पुंडलिकराव भिंतीकडे पाहून म्हणाले, पुन्हा कधी येईन. मला लाज वाटली, पण शब्द मागं घेता येईना.

त्यांनाच द्यायची ठरली. सही माझीच लागली. सुलोचना केशवराव असं मी फार दिवसांनी लिहिलं.

रविवार, ७ जून

अल्पा गेली.

यांना म्हटलं होतं, आपण जाणार म्हणून गाडी आधी सर्व्हिसिंगला नागपूरला पाठवते आहे. यांनी हनुवटीवरून हात फिरवला, म्हणजे दाढी करायची. केली. पांढरा सदरा मागितला. पाहुणे येणार असं वाटलं असेल. मग म्हणाले, "खिडकी." एप्रिलपासून मी ती रविवारी लावून घेत होते. उघडली. गरम हवा आत आली, तरी लावू देईनात.

पुंडलिकरावांनी शेडमधून काढताना मला बोलावलं. म्हणाले, रस्त्यापर्यंत तुम्हीच आणून द्या. मी चालवत आणली, खिडकीच्या समोरून. यांच्याकडे पाहायचं धाडस झालं नाही. फाटकाशी उतरले आणि ते बसले. वळणावर छताचं कापड दिसलं, मग नुसता आवाज, मग तोही नाही.

शेडमध्ये जमिनीवर तिच्याएवढी स्वच्छ जागा राहिली आहे. मी झाडून घेतलं. काय झाडायचं होतं?

सोमवार, ८ जून

काल संध्याकाळी जे झालं ते काल लिहवलं नाही.

दिवा लावून यांच्याजवळ बसले होते. हे म्हणाले, "गेली?"

म्हटलं, हो, सर्व्हिसिंगला.

यांनी मान हलवली. एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "बेस चालवत होती तू."

मला आधी वाटलं चुकीचं ऐकलं. विचारलं, तुम्हाला कधीपासून ठाऊक?

"पह्यल्या दिवसापासून." मग ओठाचा तो कोपरा हलला. "भैयालाल... बाहेर खोकलत होता."

मी हसायला लागले आणि मला रडू आलं. चोक, डावा पाय, दोन. सगळं माझ्यासाठी होतं. मी किती वेंधळी. पोळ्या वाढत बसले. म्हटलं, मग तुम्ही बोलले काहून नाही, विकू नको म्हणून?

यांनी नाही अशी मान हलवली. विकण्याचं यांना काही नव्हतं. नंतर म्हणाले, "मले... एक डाव... बसवून नेलं असतं. बाजूले."

एवढंच. रागानं नाही. पाणी मागावं तसं.

किती रविवार यांनी पदर धरून, दाराकडे वळून, चप्पल मागून हेच सांगितलं. मला यांचं सगळं कळतं असं लोक म्हणतात.

सोमवार, २२ जून. नागपूर

येऊन आठवडा झाला. खोल्या लहान आहेत. शकुन करते, जावईही चांगले आहेत. पण इथं आल्यापासून हे खात नाहीत. व्यायामवाला येतो, हे हात ढिला सोडून देतात. डॉक्टर म्हणतात, मनानं घेतलं पाहिजे.

आज शकुनला देवळात जाते सांगून रिक्षानं धरमपेठेत गेले. पुंडलिकरावांचं घर शोधायला त्रास पडला नाही, बाहेरूनच अल्पा दिसली. चमकत होती. मी खरं ते सगळं सांगितलं. त्या दिवशी हे जागे होते, हेही. त्यांच्या बाईनं पाणी आणून दिलं आणि तीच म्हणाली, रविवारी सकाळी गाडी तुमच्या दाराशी येईल. रस्ते रिकामे असतात तेव्हा. पुंडलिकराव म्हणाले, "चालवायची मात्र तुम्ही."

घरी येऊन यांच्या कानाशी सांगितलं. डोळे मोठे झाले. विचारलं, "तू?"

म्हटलं, हो, मीच. तुम्ही बाजूला.

रात्री वाटीभर खिचडी खाल्ली.

बुधवार, २४ जून

चार माणसांनी खुर्चीत बसवून जिना उतरवायचं ठरलं आहे. जावयांना पटत नव्हतं, पण यांचा चेहरा पाहून तयार झाले. व्यायामवाला म्हणाला, आज त्यांनी आपणहून पाय हलवला. यांनी मला विचारलं, नागपुरात भेव लागेल का? म्हटलं, लागेल. म्हणाले, "मी आहे."

गुरुवार, ९ जुलै

तेरावा काल झाला. पाहुणे गेले. आज लिहिते आहे.

ठरलेल्या रविवारच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी पहाटे पुन्हा झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंतही राहिले नाहीत. शेवटी काही बोलले नाहीत. माझा हात त्यांच्या डाव्या हातात होता, तो धरलेला होता की नुसता राहिला होता, हे मला सांगता येत नाही.

पुंडलिकरावांना कळवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

रविवारी सकाळी घरात बाया बसलेल्या होत्या. टेकचंद भाऊजी, मोहाडीची माणसं. खालून आवाज आला. दुसऱ्या कोणाला काही वाटलं नाही, भाऊजींनी मात्र मान वर केली. मी उठले. सुतकात बाईनं असं खाली जाऊ नये, कोणीतरी म्हणालं. शकुननं दारात अडवलं, मग माझ्या तोंडाकडे पाहून बाजूला झाली.

अल्पा दाराशी उभी होती. छत मागं दुमडलेलं. उजव्या बाजूच्या जागेवर त्यांच्या बाईनं दोन उशा लावून दिल्या होत्या, एक पाठीला, एक कमरेपाशी, माणूस कलंडू नये म्हणून. पुंडलिकराव डावीकडून उतरून माझ्यासाठी दार धरून उभे होते. हसत होते. मग त्यांनी माझं कपाळ पाहिलं.

मी म्हटलं, परवा गेले.

त्यांनी घाईघाईनं आत हात घालून किल्लीकडे नेला, या घरासमोर इंजिन चालू असणं बरं नाही असं त्यांना वाटलं असणार.

"बंद नका करू," मी म्हटलं. "थोडा वेळ राहू द्या."

त्यांनी हात काढून घेतला. आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहिलो, मधे त्या रिकाम्या उशा. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, कुठंही अडखळत नव्हता. वर गॅलरीत बाया येऊन पाहत होत्या. भाऊजी खाली आले होते, ते गाडीला न शिवता, हात मागं बांधून उभे राहिले.

मग मीच वाकून किल्ली फिरवली.